यंत्राचे कुलूप आणि माणसाची जीभ



गुपित कुलपाने राखले जाते की माणसाने? दुसऱ्या महायुद्धातील एक सत्यकथा याचे उत्तर देते.

जर्मन सैन्याजवळ ‘एनिग्मा’ नावाचे यंत्र होते. दिसावयास ते टंकयंत्रासारखे. एक अक्षर दाबले की आतले चाक फिरे आणि दिव्याच्या उजेडात भलतेच अक्षर दिसे. चाकांची मांडणी ज्याला ठाऊक नाही, त्याला बिनतारी संदेश ऐकूनही काही उमगत नसे. हे यंत्र अभेद्य आहे, असा जर्मनांचा दृढ विश्वास होता.

तथापि मारियान रेयेव्स्की या तरुण पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीस त्याचे मर्म शोधून काढले. फ्रेंच हेरखात्याने मिळविलेली कागदपत्रे त्याच्या कामी आली. परंतु मोठे साहाय्य केले ते खुद्द जर्मन शिपायांनीच! प्रत्येक संदेशासाठी त्यांनी तीन अक्षरांची नवी खूण निवडावयाची असे. कंटाळलेले शिपाई एकच अक्षर तीनदा घेत. कुलूप भक्कम होते. किल्ली मात्र आळसाने उंबऱ्यावरच ठेवलेली होती.

जुलै १९३९ मध्ये पोलिश लोकांनी ही विद्या वॉर्सानजीक इंग्रज व फ्रेंच मित्रांच्या स्वाधीन केली. पुढे इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे त्याच पायावर मोठे कार्य उभे राहिले.

आता दुसरी बाजू पाहा. हे गुपित जाणणारे काही पोलिश लोक १९४३ साली फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडले. त्यांपैकी आंतोनी पाल्लुथ व एदवर्द फोक्चिन्स्की हे साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मरण पावले. एका शब्दाने कदाचित त्यांना सवलत मिळाली असती. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. रेयेव्स्की १९४६ साली मायदेशी परतला व कचेरीत हिशेब लिहीत राहिला. १९७३-७४ साली ही हकीकत जगापुढे येईपर्यंत त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते.

म्हणजे यंत्राने जे राखले नाही, ते माणसांनी राखले.

आज आपल्या मोबाईललाही गुप्त आकड्यांचे कुलूप असते. जिभेचे काय? शेजारणीने रडत सांगितलेले घरचे दुःख, कोणाचे कर्ज, कोणा मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट, हे सारे मिस्सा सुटताच चर्चच्या पायरीवर ‘कोणाला सांगू नका हं’ म्हणत पसरते. सांगणाऱ्याच्या मनात वैर नसते. असते ती त्या शिपायांसारखी बेफिकिरी. पण त्यामुळे एखाद्याचे घर मोडते. जीभ ही लहानशी ठिणगी असून ती अख्खे रान पेटविते, असा इशारा संत याकोबाने आपल्या पत्रात दिला आहे.

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी उघड करावयाचे नसते. त्या निष्ठेचा थोडा अंश प्रत्येक ख्रिस्ती घरात असावा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव आहे. ती ज्याची त्याच्याकडेच राहो.