पान्याची काटामारी

कारखान्याच्या काट्यावर खेपेमागं क्विंटलभर ऊस मारला जातो असा नुसता संशय आला, तरी बीड जिल्ह्यातला शेतकरी रस्त्यावर उतरतो. उतरावंच. त्या काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर वैधमापन विभागाची मुद्रा लागते. मोंढ्यातल्या वीस किलोच्या लोखंडी मापालाही दर दोन वर्षांनी ती लागते. पण हाच ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन घरच्या शेडमध्ये बांधलं जातं, तेव्हा हेडचे बोल्ट ज्या टॉर्क पान्यानं आवळले तो खरं बोलतो की खोटं, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

दसऱ्याच्या आधी गावोगाव हे काम निघतं. कारखान्याशी करार झालेला असतो, उचल घेऊन ती ऊसतोड टोळीला वाटलेली असते, आणि ट्रॅक्टर धूर टाकत असतो. शहरातल्या गॅरेजचं बिल झेपत नाही. मग आयटीआय झालेला भाचा बोलावला जातो, लायनर-पिस्टनचं किट येतं, क्रँक लेथवाल्याकडून घासून येते आणि पाना येतो कुणाकडून तरी मागून. इंजिन उभं राहतं, सुरू होतं, सगळे खूश. चार दिवसांनी रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं. पॅकिंग डुप्लिकेट निघालं, दुकानदारानं फसवलं, भाच्याला काही येत नाही, असे सगळे निकाल लागतात. नवं पॅकिंग आणून हेड पुन्हा बसवलं जातं. त्याच पान्यानं.

दोष असा दुसऱ्यांदाही जागच्या जागी राहतो. क्लिक होणाऱ्या टॉर्क पान्याच्या पोटात स्प्रिंग असते. काम संपल्यावर आकडा खाली न आणता पाना तसाच पेटीत टाकला, त्यानंच जाम बोल्ट सोडवले, दोन-चारदा तो फरशीवर आपटला, की ही स्प्रिंग आणि खटका आपलं मूळ माप सोडतात. क्लिक मात्र पहिल्यासारखाच ठणठणीत वाजतो. कमी आवळलं तर हेड गळतं. जास्त आवळलं तर बोल्ट ताणले जातात आणि कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडवर तसं झालं तर बेअरिंगची गोलाई बिघडते. तिथल्या ऑइलच्या फटीचा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. चांगल्या पान्याला सुमारे चार टक्क्यांचीच चूक माफ आहे. वेगळी मुदत ठरवलेली नसेल तर वर्षातून एकदा किंवा 5000 वापरांनंतर तो तपासून घ्यावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. आपल्याकडे पाना तपासतात तो गंज किती चढला एवढ्यापुरता.

याला अडाणीपणा म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. हेच अंतराळातल्या हबल दुर्बिणीचंही झालं. तिचा आरसा चुकीच्या आकाराला घासला गेला, कारण तो आकार तपासणारं उपकरणच 1.3 मिलिमीटरनं चुकीचं जुळवलेलं होतं. दुसऱ्या दोन उपकरणांनी दोष दाखवलाही होता, पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. एप्रिल 1990 मध्ये दुर्बीण वर गेली. डोळा सुधारायला डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीर पाठवावे लागले. रेडिएटरमधले बुडबुडे हे आपलं दुसरं उपकरण. त्यांचं ऐकायचं सोडून आपण पॅकिंगवाल्याशी भांडतो.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरा, पाना आडवा ठेवा आणि टोकापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते अर्धा मीटर भरलं, तर मुठीच्या मध्याला मुद्रा असलेलं वीस किलोचं माप टांगल्यावर दहा किलो-मीटर, म्हणजे सुमारे 98 न्यूटन-मीटर जोर येतो. आकडा कमीजास्त करत पाहा, क्लिक त्याच्या आसपास व्हायला हवा. पान्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते, त्यामुळे प्रयोगशाळेची बारकाई यात नाही. पण दहाच्या जागी सातच देणारा पाना लगेच उघडा पडतो.

एवढ्यावर थांबू नये. सरकारी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवायचा, तर तिथं टॉर्क तपासणीचं एक यंत्र आणि क्रँक मोजायचा मायक्रोमीटर ताडून पाहायला प्रमाणित गेजांचा एक संच ठेवायला काय हरकत आहे? ते यंत्र वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावं आणि गावच्या मेकॅनिकला आपला पाना घेऊन आत येऊ द्यावं. शुल्क खुशाल घ्या. एका हेड पॅकिंगच्या किमतीहून कमी असलं म्हणजे झालं. फक्त हे दसऱ्याच्या आत व्हायला हवं. ट्रॅक्टर एकदा टोळी घेऊन कर्नाटकात गेला, की आयटीआयचं दार उघडून उपयोग नाही.