‘वीरपत्नी’ म्हणण्याआधी

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस ही भाविकांची गाडी म्हणून साऱ्या देशाला ठाऊक आहे. उत्तर सीमेकडे निघालेल्या मराठवाड्यातील जवानांचीही ती गाडी आहे, हे मात्र फलाटावर निरोप द्यावयास आलेल्यांनाच ठाऊक असते. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामचे हत्याकांड घडले, मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परतण्याचे आदेश सुटले. महाराष्ट्रात अंगाची हळद उतरण्यापूर्वी सीमेकडे निघालेले जवानही त्यांत होते. जवान गेले. गाडी सुटल्यावर फलाटावर जी उरते, तिच्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

10 मे रोजी शस्त्रसंधी झाली, मथळे बदलले आणि लोक आपापल्या उद्योगाला लागले. सैनिकाच्या घरचे युद्ध मात्र असे चार दिवसांत संपत नसते. फोन लागत नाही, सासूचा डोळा लागत नाही, मूल ‘बाबा कधी येणार’ म्हणून विचारते आणि या साऱ्यांना धीर देणारीला स्वतः धीर कोणी द्यावा, हा प्रश्न कोणाला सुचतही नाही. त्या दिवसांत कित्येक दूरचित्रवाणी वाहिन्यांनी खातरजमा न केलेल्या बातम्यांचा जो भडिमार केला, त्याची किंमत याच घरांनी मोजली. आम्ही वृत्तव्यवसायातीलच आहोत. म्हणून हा दोष आम्ही परक्याचा मानत नाही.

पण चिंता हा तिच्या आयुष्याचा एक भाग झाला. दुसरा भाग कामाचा आहे आणि तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. सोयाबीनची पेरणी, पीककर्ज, सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, तलाठ्याकडचा फेरफार हे सारे तिच्याच शिरावर असते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात नवरा सीमेवर असलेल्या बाईने घागर कोठून भरली असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? शिवाय एखाद्या गावात तीन-चार घरांतील मुलगे सैन्यात असले, की त्या घरांतील जी सून चार बुके शिकलेली, तिच्याच दारी बाकीच्यांचीही कागदपत्रे येतात. कोणाच्या पेन्शनचा अर्ज भर, कोणाच्या आधारकार्डावरील नावाची चूक काढ, कोणाच्या सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात ने. तिला या कामाचा पगार नाही, पद नाही आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात या बायांना निदान परंपरेचा आधार आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे 46 पुत्र पहिल्या महायुद्धात कामी आले. तेथे शेजारणीलाही लष्कराचे कागद वाचता येतात. आमचा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. लष्करी नोकरीची तशी पिढीजात घडी येथे फारशी बसली नाही. जवानांच्या पत्नींच्या कल्याणासाठी 1966 साली स्थापन झालेली ‘आवा’ ही संघटना चांगले काम करते. पण तिचा वावर मुख्यतः छावण्यांतून. लोहा, किनवट, औसा, अहमदपूर येथील खेड्यात एकट्या राहणाऱ्या बाईपासून छावणी फार दूर आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, परंतु मजुरी बुडवून, बस बदलत तेथवर पोचणे ही एक मोहीमच असते.

कागदांचे महत्त्व किती, हेही सांगितले पाहिजे. जवानाचे लग्न आणि मुलांचे जन्म पलटणीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये वेळेवर नोंदले गेले नाहीत, तर दुर्दैवाच्या क्षणी स्वतःच्या पत्नीपणाचाच पुरावा देत फिरण्याची पाळी तिच्यावर येते. जमिनीचेही तेच. नवरा दूर आहे असे पाहून बांध कोरणारे शेजारी आणि भाऊबंद आपल्याकडे कमी नाहीत. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दावा रेटला जाऊ नये, म्हणून 1925 पासून स्वतंत्र कायदा आहे. जिल्हाधिकारी तसे न्यायालयाला कळवू शकतात. शंभर वर्षांचा हा कायदा ज्यांच्यासाठी झाला, त्यांपैकी किती घरांना तो ठाऊक आहे? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 26 जुलै 2025 रोजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली, हे योग्यच झाले. पण योजना दिल्लीत जन्मते आणि गरज खेड्यात असते. मधली वाट माणसांनीच चालावी लागते.

29 नोव्हेंबर 2016 रोजी नगरोट्याच्या हल्ल्यात लोहा तालुक्यातील जानापुरीचे लान्स नायक संभाजी कदम यांना वीरमरण आले. अशा वेळी जिल्हा लोटतो, घोषणा होतात, हारतुरे पडतात. ती भावना खोटी नसते. पण ‘वीरपत्नी’ ही पदवी आपण स्त्रीला पती गेल्यानंतर देतो. तो हयात असताना, ती एकटी सारा संसार ओढत असताना ती आपल्या लेखी कोण असते? आणि पदवी देतानाही आपण तिच्या आयुष्यावर किती बंधने घालतो! शौर्यपदकाचा भत्ता विधवेला पुनर्विवाहानंतरही मिळावा, पण तो विवाह दिराशीच झालेला असावा, ही अट काढून टाकण्यास 2017 साल उजाडावे लागले. तिचा गौरव करणाऱ्या समाजाला तिचे मन विचारण्याचे सुचले नव्हते, असाच त्याचा अर्थ.

नांदेडला तरी हे परक्याने शिकवावयास नको. गुरू गोविंदसिंगांबरोबर माता साहिब देवां या भूमीत आल्या होत्या. 1708 साली गुरूंचे येथे निर्वाण झाल्यावर पंथाच्या विस्कटलेल्या घरांना दिल्लीतून आधार दिला तो माता सुंदरी आणि माता साहिब देवां यांनी. योद्धा गेल्यानंतरही त्याची माणसे धरून ठेवणारी स्त्री कशी असते, याची स्मृती या गावाच्या मातीत आहे. आणि लातूरवर तर प्रत्यक्ष ऋणच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा ढिगारे उपसण्यास जे धावून आले, त्यांत लष्कराचे जवान होते. त्यांच्याही घरी कोणी तरी वाट पाहत होतेच.

आमची सूचना साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक तहसील कार्यालयात आठवड्यातून एक दिवस सैनिकांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी एका वकिलाने, एका निवृत्त कारकुनाने वा शिक्षकाने आणि एका माजी सैनिकाने तेथे दोन तास बसावे. महिला मंडळांनी आपल्या तालुक्यातील अशा घरांची यादी करून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जावे. सत्कारासाठी नव्हे, चहा घ्यावयास जावे. आणि गावोगावी आजवर हे काम मुकाट्याने करणारी जी सून आहे, तिला या व्यवस्थेत मानाची जागा द्यावी. कारण या विषयात आपणा सर्वांपेक्षा तीच अधिक जाणती आहे. यासाठी सरकारी तिजोरीला मोठी तोशीस पडावयाची नाही. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनी छातीवर छोटा ध्वज लावणे सोपे असते. आम्ही मागतो आहोत ते आमच्या सुशिक्षित वाचकांचे दोन तास.

सीमेवरचा जवान आपल्यासाठी जागतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याने निर्धास्तपणे जागावे यासाठी त्याच्या घरी आणखी एकजण जागत असते. तिच्या उंबऱ्याशी जाऊन ‘ताई, काही काम आहे का?’ एवढे विचारण्यासाठी आपण तिच्या कपाळाचे कुंकू पुसले जाण्याची वाट पाहणार आहोत काय?