कंबर दुखली की लगेच एमआरआय कशाला?

"डॉक्टर, माझी गादी सरकली आहे," असं म्हणत पेशंट आत येतो आणि बसायच्या आधी फिल्मची मोठी पिशवी टेबलावर ठेवतो. कंबर दुखायला लागून आठच दिवस झालेत, तेही जड कुंडी उचलल्यावर. पायातली ताकद अजून कुणी तपासलेली नाही, पाय सरळ वर उचलून पाहिलेला नाही. एमआरआय मात्र झालाय!

मला राग येतो तो याचा.

१९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय केला गेला. त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली दिसली. सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले फक्त ३६ टक्के निघाले. २०१५ साली अशाच, कंबर न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयाच्या ९६ टक्के लोकांत गाद्यांची झीज होती. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले 'डिजनरेटिव्ह चेंजेस' बहुतेक वेळा केस पिकण्यासारखेच असतात. पण केस पिकले म्हणून कुणी अंथरूण धरत नाही. रिपोर्ट वाचून मात्र माणसं वाकायला घाबरतात, महिनोन्महिने पट्टा बांधून बसतात आणि स्नायू आणखी कमजोर करून घेतात.

"रेडिएशन तर नसतं, मग करून टाकू," असं तुम्ही म्हणता. खर्च असतो, भीती असते, कधी नको ते ऑपरेशनही मागे लागतं. आणि आमच्या व्यवसायातली 'कट'ची कीड तुम्हाला ठाऊकच आहे. नियमांनी तिला बंदी आहे, तरी ती आहे. म्हणून बेधडक विचारा, "या तपासणीने माझे उपचार बदलणार आहेत का?" साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत, हिंडतंफिरतं राहून आणि गरजेपुरत्या गोळ्यांवर कमी होते. सहा आठवड्यांनंतरही पायात कळ जातच असेल, तर एमआरआयचा विचार जरूर करू.

मात्र ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा जोराचा मार यांपैकी काही असेल, तर सहा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रात्र असली तरी.