वही कोणाची?

दिवाळीत आपण वहीची पूजा करतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो, वर फूल आणि अक्षता पडतात. ज्यांचा हिशेब केव्हाच संगणकावर गेला आहे असे व्यापारीही या दिवसापुरती एक लाल वही विकत आणतात. या पूजेत एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की ती कोणी बोलूनही दाखवीत नाही. ती ही की वही आपली असते. शेजाऱ्याच्या वहीला हळदकुंकू वाहून स्वतःच्या दुकानात बरकत आली, असे अजून तरी कोणाच्या ऐकिवात नाही.

पण सध्या बाजारात एक अशी वही आली आहे की जिच्या बाबतीत हा प्रश्न विचारावा लागतो. ती म्हणजे रंगीत ई-पेपरची पाटी. तिच्यावर हाताने लिहावे, रंगीत चित्रे काढावीत, पुसावे, पुन्हा काढावे. हजारो पाने एका पुठ्ठ्याच्या जाडीत मावतात. जाहिरात सांगते, “ही अगदी कागदासारखी!” मी शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. दहावीपुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. भाच्याने परदेशाहून आणून दिलेली अशी एक पाटी वर्षभर माझ्या हाताखाली आहे. तेव्हा वस्तू न वापरताच नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. उलट तिचे गुण आधी सांगतो, म्हणजे पुढची तक्रार केवळ म्हाताऱ्या मनाची कुरकूर आहे असे कोणाला वाटायला नको.

ही ई-शाई मोठी चतुर चीज आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी १९९७ साली ‘ई इंक’ नावाची कंपनी काढली. २००९ साली ती तैवानच्या मालकीची झाली. त्यांनी केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या केल्या. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत ठेवले. पांढऱ्यांवर एक विद्युत्‌भार, काळ्यांवर उलटा. खालून वीज लावली की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. आणि गंमत अशी, की एकदा वर आलेला कण वीज काढून घेतली तरी तिथेच बसून राहतो. म्हणजे पान बदलायला वीज लागते, ते दिसायला लागत नाही. हा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही. बाहेरच्या उजेडावर कागदासारखा दिसतो. भर दुपारी अंगणात बसून मी यावर लिहिले आहे.

रंगाचे मात्र दोन पंथ आहेत. ‘कॅलिडो’ नावाच्या पहिल्या पंथात काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची जाळी बसवतात. काळ्या अक्षराला इंचात ३०० ठिपके मिळतात, रंगाला १५०. आणि जाळी उजेड खात असल्यामुळे पान जरा मळकट दिसते. दुसरा पंथ ‘गॅलरी’. त्यात इवल्याशा एकेका वाटीतच आकाशी, किरमिजी, पिवळे आणि पांढरे असे चार प्रकारचे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्याने हवे ते वर बोलावले जातात. नॉर्वेच्या ‘रिमार्केबल’ कंपनीने २०२४ साली याच तंत्रावरची रंगीत पाटी काढली. तेव्हा अमेरिकेत तिची किंमत ५७९ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने ४८ हजारांच्या वर. इथे रंग खरा असतो. पण चार जणांना नेमके वरखाली करायला वेळ लागतो, म्हणून रंग भरला की पान क्षणभर लुकलुकते. कासच्या पठारावरच्या ‘सीतेच्या आसवां’चा जांभळा यातल्या एकाही पंथाला अजून साधलेला नाही. तो साध्या जलरंगांतही सहजासहजी साधत नाही, हेही सांगून टाकतो. रंग फिके आहेत म्हणून मी या यंत्राला नावे ठेवणार नाही. फिके रंग उद्या गडद होतील.

आमचे कागदभक्त मात्र येथेच अडकून बसतात. कागदाचा वास, निबेची कुरकुर, दौतीची निळाई! हे वासाचे प्रेम मला कधी कळले नाही. नव्या पुस्तकाचा वास घेऊन ते न वाचता कपाटात ठेवणारे पुष्कळ पाहिले आहेत. ज्या मुलाला महिनाअखेर नव्या चित्रकलेच्या वहीसाठी बापाचे तोंड बघावे लागते, त्याला कागद संपूच नये असेच वाटते. आणि न संपणारा कागद देणारे यंत्र त्याने हातात घेतले तर त्यात संस्कृती बुडत नाही. बोरू गेला, टाक गेला, फाउंटन पेनही बहुतेक गेले; मराठी अक्षर शिल्लक आहे. तेव्हा कागदासाठी गळा काढणाऱ्यांनी माझ्या नावावर आपली फिर्याद नोंदवू नये.

माझी फिर्याद निराळी आहे. आमचे एक शिक्षकमित्र गेल्या पावसाळ्यात कासच्या फुलांची रेखाटने अशाच एका पाटीवर करीत होते. तेरडा, कवला, आमरी. प्रत्येकाचे पान, पाकळी, तारीख, जागा. एके दिवशी पाटी खडकावर आपटली आणि तडा गेला. दुसरी आणली. नवी पाटी म्हणाली, खाते उघडा. खाते म्हणाले, जुन्या मोबाइलवर आकडा पाठवला आहे, तो सांगा. तो मोबाइल क्रमांक बंद होऊन वर्ष झालेले. कंपनीला पत्र लिहिले. यंत्राने उत्तर दिले. पुन्हा लिहिले, यंत्राने तेच उत्तर अधिक नम्रतेने दिले. तीन आठवड्यांनी वह्या हाती आल्या, तोवर फुलांचा मोसम सरला होता. हात यांचा, रेघ यांची, पावसात भिजलेले गुडघे यांचे. आणि वही उघडायची परवानगी मात्र सातासमुद्रापलीकडची! कागदाची वही फाटते, भिजते, हरवते, पण “आपण कोण?” असे ती धन्याला विचारीत नाही.

कोणी म्हणेल, हा एकट्याचा अपघात. मग जगजाहीर गोष्टी पाहा. २००९ साली अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. त्यात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ होती, हा नियतीचा विनोद. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. पुस्तक गेल्यावर ती टिपणे निराधार झाली. तो कोर्टात गेला. कंपनीने माफी मागितली, भरपाई दिली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच मोडले. पुस्तकांचे पैसे परत केले, आणि ज्यांनी समासात टिपणे लिहिली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. वाचकहो, तुमच्या विचारांचा हा बाजारभाव! २०२३ साली चीनमधले किंडलचे पुस्तकांचे दुकान बंद झाले. घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला एक वर्षाची मुदत मिळाली. आणि हाताने लिहिण्याच्या पाटीचेच बोलायचे तर, रिमार्केबलने २०२१ साली काही सोयी मासिक वर्गणीच्या कुंपणाआड नेल्या, आणि २०२२ साली त्यातल्या बऱ्याचशा पुन्हा मोकळ्या केल्या. मोकळ्या केल्या हे चांगलेच झाले. पण जे कोणी परत देऊ शकतो, ते तो काढूनही घेऊ शकतो, एवढे तरी त्यावरून कळावे.

आता आपल्या घरात या. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यावरची, कोनाड्यांतली, गाठोड्यांतली मोडी कागदपत्रे त्यांनी धुंडाळली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. ते कागद लिहिणारे कारकून आणि कुळकर्णी जाऊन शंभर-दोनशे वर्षे झाली होती. कित्येक घरांत मोडी वाचणारा एकही माणूस उरला नव्हता. तरी गाठोडे सोडले की कागद बोलू लागत. वाचणाऱ्याला मोडी यावी लागे. परवलीचा शब्द यावा लागत नसे. आजच्या एखाद्या मास्तराची, वैद्याची, शाहिराची पाटी दोनशे वर्षांनी माळ्यावर सापडली, तर उद्याच्या राजवाड्यांच्या हाती काय लागेल? एक काळवंडलेली काच. तुकोबांची गाथा इंद्रायणीने परत दिली, अशी आपली श्रद्धा आहे. कंपनीच्या ढगात बुडालेली वही कोणती नदी परत देईल?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळत नाही. कागद तरी कुठे अमर आहे? १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांतली वह्या-पुस्तके चिखलात गेली. वाळवी, आग आणि रद्दीवाला हे कागदाचे तीन जुने वैरी. यंत्रातल्या वहीच्या मात्र चुटकीसरशी दहा प्रती होतात, आणि दहा गावी ठेवता येतात. अगदी खरे! म्हणूनच तर माझा राग यंत्रावर नाही. ज्या वहीच्या दहा प्रती फुकट होऊ शकतात, तिची एकुलती एक किल्ली दुसऱ्याच्या कमरेला का, एवढेच मी विचारतो. पानशेत ही आपत्ती होती. हा तर आपण होऊन सही केलेला करारनामा आहे, तोही न वाचता.

आणि ही पाटी शाळेत आणण्याच्या गोष्टी आता कानावर येतात, तेव्हा मास्तर म्हणून गप्प बसवत नाही. चित्रकलेचे एकच उदाहरण देतो. निळ्याशेजारी पिवळा ओला लावला की दोन्हींच्या सीमेवर हिरवा आपोआप उगवतो. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला बसलेल्या पोराच्या डोळ्यांत त्या क्षणी जे चमकते, त्यासाठी मी हा पेशा धरला. पाटीवर तो हिरवा यादीतून निवडावा लागतो. रंग तेथेही कालवले जातात, पण ते त्या इवल्याशा वाटीत, यंत्राच्या हातून. पोराच्या हातून नव्हे. म्हणून आधी रंगपेटी आणि कागद, मग खुशाल पाटी. आणि पाटी आलीच, तर मुलाच्या सात वर्षांच्या वह्या शाळा सोडताना त्याच्याबरोबर घरी गेल्या पाहिजेत. शाळेच्या किंवा कंपनीच्या खात्यात ओलीस राहता कामा नयेत.

तेव्हा पाटी विकत घेणाऱ्याने दुकानदाराला रंग किती, ठिपके किती हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. खाते न उघडता हिच्यावर लिहिता येते का? लिहिलेली प्रत्येक वही, रंगांसकट, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या रूपात, स्वतःच्या तारेने बाहेर काढता येते का? वर्गणी थांबली तर लिहिलेले थांबते का? आणि कंपनी बुडाली, तर वही तरते का? चारांची उत्तरे बरी आली तर पाटी घ्यावी, आनंदाने लिहावे, फुले काढावीत, मीही काढतो. आणि दर पंधरवड्याला सगळ्या वह्यांची प्रत आपल्या घरच्या डबीत उतरवून ठेवतो. उत्तर देताना दुकानदार घुटमळला, तर समजावे की तो वही विकत नाही, भाड्याची खोली दाखवतो आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला कोणी आपली नवी रंगीत पाटी पाटावर मांडली, तर मला त्यात वावगे वाटणार नाही. तिच्यावरही ‘श्री’ छान उमटतो. फक्त अक्षता वाहण्यापूर्वी किल्ली कोणाकडे आहे ते पाहून घ्या.