काळ्या कोटाची जबाबदारी

बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे विलायतेत कायदा शिकले, पण कार्यकर्ते राहिले ते चांद्याचेच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आयोजनात राजाभाऊ पुढे होते. १९५८ साली ते राज्यसभेत गेले. १९६९ ते १९७२ या काळात ते तिचे उपसभापती होते; काँग्रेसबाहेरचे पहिलेच, रिपब्लिकन पक्षाचे!

आज लासूर स्टेशनसारख्या गावांतली आपली पोरेही वकील होतात. कोट अंगावर चढला की काहींचे डोळे उमेदवारीकडे लागतात. गायरान कसणाऱ्या बापाच्या नावावर जमीन मात्र अजून चढत नाही. बांधवांनो, मत मागायला आलेल्या वकिलाला आधी विचारा : आमचा खटला लढलास का?