गाडी माझ्या नावावर, किल्ली कुणाकडे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटेच टेम्पोत इडली-डोशाच्या पिठाचे डबे भरून तयार होते. पनवेलहून निघायचं, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर करून परत यायचं, ही आमची रोजची फेरी. हे गावाला गेलेले, म्हणून पुतण्या गाडी काढणार होता. त्याने किल्ली फिरवली, तर समोरचा स्क्रीन अंधारा. रात्रभर चार्जिंगला लावलेली विजेची गाडी, आणि ढिम्म! सर्व्हिस सेंटर उघडल्या उघडल्या मी फोन लावला. तिकडून पहिलंच वाक्य आलं, “वहिनी, जरा साहेबांना फोन द्या ना.”

आता गंमत बघा. गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून जातो. आणि बोलायला मात्र साहेब हवेत! मी चिडलेच. पण त्या मुलाने पुढे विचारलं, “मोठी बॅटरी गेलीय की छोटी?” आणि मी गप्प. गाडीत दोन बॅटऱ्या असतात हेच मला ठाऊक नव्हतं.

गाडी पळते ती मोठ्या बॅटरीवर. पण दिवे, वायपर आणि गाडीला ‘जागं’ करणारी यंत्रणा चालते छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही. आमची तीच मेली होती. दुपारी नवी बसवली, काम अर्ध्या तासाचं. तोवर आंबून फसफसलेलं पीठ मोरीत ओतलं होतं.

मैत्रिणींनो, बाईच्या नावावर कर्ज घेतलं की काही बँका व्याजात थोडी सूट देतात. म्हणून सही आपली घेतात. आपणही ‘इथे करा, इथे करा’ म्हटलं की करून मोकळ्या होतो. मग कागद कपाटात, किल्ली खुंटीवर आणि अक्कल दुसऱ्याच्या डोक्यात. याला मालकी म्हणायचं का? मला नाही वाटत. जिची सही, तिला गाडीची माहिती हवीच. हप्ता थकला तर नोटीस तिच्याच नावाने येते.

खरं तर या गाड्या आपल्यासाठी सोप्या आहेत. टाटांनी 2022 मध्ये ‘छोट्या हत्ती’चं विजेवरचं रूप आणलं, इतर कंपन्यांच्याही गाड्या आहेत. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, डिझेलच्या रांगेत उभं राहायला नको. लायसन्सचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं, की साध्या मोटारीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेल्यांना साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. माझं लायसन्स अकरा वर्षं कपाटात पडून होतं!

पण सोपी म्हणजे बिनकाळजीची नव्हे. ‘हिला मेंटेनन्सच नाही’ असं विकणारे सांगतात, ते अर्धंच खरं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, क्लच प्लेट नाहीत हे खरं. टायर, ब्रेक, ब्रेक ऑइल, कूलंट आणि ती छोटी बॅटरी मात्र आहेतच. टायरमधली हवा मी दर सोमवारी बघते. हवा कमी तर वीज जास्त. कागदावर दीडशेच्या वर किलोमीटर लिहिलेत, पण भरल्या गाडीने, कळंबोलीच्या गर्दीत मी शंभरच धरते. आमची फेरी साठची, त्याला साधारण बारा युनिट लागतात. घरच्याच मीटरवर लावलं तर बिलाचा स्लॅब चढतो, तेव्हा वेगळ्या मीटरची चौकशी आधी करा.

आणि चार्जिंगचा सॉकेट. पनवेलचा पाऊस आपल्याला नवा नाही. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावू नका. जाणत्या वायरमनकडून वेगळी लाइन, एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या, सॉकेट पाणी तुंबतं त्याच्या वर बसवा. गाडीतल्या नारिंगी वायरींना आपण हात लावायचा नाही, आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही लावू द्यायचा नाही. सोसायटीत राहत असाल तर सॉकेटसाठी लेखी अर्ज करा, स्वतःच्या नावाने. आमच्या मीटिंगमध्येही ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणाले. मीच गेले.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये माझा नंबर आहे. बॅटरीच्या वॉरंटीची वर्षं आणि किलोमीटर मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. आठवड्यातले तीन दिवस फेरी मी करते. पहिल्या दिवशी उरण नाक्यावर गाडी मागे घेताना घाम फुटला होता. भाजीवाल्या मावशीने “ये, ये, अजून ये” करत घेऊन दिली. हे शेजारी बसून नुसते ब्रेक दाबल्यासारखा पाय आपटत होते!

सगळ्यांनीच गाडी चालवली पाहिजे असं माझं म्हणणं नाही. ज्याला त्याला आपापली कामं असतात. पण तुमच्या नावावर टेम्पो, रिक्षा, स्कूटर काहीही असेल, तर आज एवढंच करा. कपाटातून ते कागद काढा आणि वाचा. विम्याची तारीख कधी, वॉरंटी किती, उरलेले हप्ते किती? न कळलं तर विचारा. आणि पुढच्या वेळी कुणी “साहेबांना द्या” म्हणालं, तर शांतपणे सांगा, “बोला, मालकीणच बोलतेय.”