कोठडीतील मृत्यू आणि सरकारी कागद : वर्णभेदी सत्तेविरुद्ध साहित्याची साक्ष

दक्षिण आफ्रिकेत १२ सप्टेंबर २०२५ रोजी स्टीव्ह बिको यांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुन्हा उघडण्यात आली. बरोबर ४८ वर्षांपूर्वी, १९७७ साली याच तारखेला, कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाच्या चळवळीचे हे नेते पोलिसांच्या ताब्यात मरण पावले. वय अवघे ३० वर्षे. त्यांना नग्नावस्थेत, बेड्या घालून ठेवले होते. मेंदूला जबर इजा झालेली असताना गाडीत टाकून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या प्रिटोरियाला नेले. तेव्हाचे पोलीसमंत्री जिमी क्रूगर यांनी सांगितले की बिको उपोषण करत होते. पुढे चौकशीत पोलीस म्हणाले की झटापटीत त्यांचे डोके भिंतीवर आपटले. मॅजिस्ट्रेटने निकाल दिला : कोणालाही दोषी धरता येत नाही.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला आणखी एक जुना कागद रद्द झाला. शांततेचे नोबेल मिळालेले आफ्रिकन नेते अल्बर्ट लुथुली १९६७ साली आगगाडीची धडक बसून गेले, असे ५८ वर्षे सरकारी दप्तरात लिहिलेले होते. पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने आता म्हटले आहे की हा अपघात नव्हता. मारहाणीत कवटी फुटून त्यांचा मृत्यू झाला.

न्यायालयांना जे म्हणायला पाच-सहा दशके लागली, ते दक्षिण आफ्रिकेच्या लेखकांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. अपार्थाईड म्हणजे केवळ गोऱ्यांसाठी वेगळी बाके आणि वेगळ्या बसगाड्या नव्हेत. अधिकाऱ्याने माणसाला मारायचे आणि मग मारलेच नाही असा कागद तयार करायचा, ही त्या राजवटीची रोजची कार्यपद्धती होती. मारहाण कोठडीत होत असे. अत्याचार पूर्ण होत असे तो पंचनाम्यावर सही झाल्यावर. ही गोष्ट त्या साहित्याने नेमकी ओळखली आणि म्हणूनच आज ते पुन्हा वाचले पाहिजे.

कायद्याच्या नावातच खोटेपणा

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाला कायद्याचे रूप मिळाले. १९५२ साली एक कायदा झाला. त्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते. प्रत्यक्षात त्याच कायद्याने १६ वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन माणसाला एक ओळखपुस्तिका कायम जवळ बाळगणे सक्तीचे केले. लोक तिला चिडून 'डोम्पास', म्हणजे 'बिनडोक पास' म्हणत. पुस्तिकेत मालकाची सही नसेल, शिक्का चुकीचा असेल किंवा ती घरी राहिली असेल, तरी तुरुंग. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे याच पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ६९ माणसे मेली. अनेकांच्या पाठीत गोळ्या लागल्या होत्या, म्हणजे ते पळत होते. पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ साल उजाडले.

अॅथॉल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना यांनी मिळून १९७२ साली उभे केलेले 'सिझ्वे बान्सी इज डेड' हे नाटक या पुस्तिकेवरच आहे. कामाच्या शोधात शहरात आलेल्या सिझ्वेच्या पुस्तिकेवर शहर सोडून जाण्याचा शिक्का पडतो. त्याला आणि त्याच्या सोबत्याला रात्री रस्त्यात एक प्रेत सापडते. त्या मेलेल्या माणसाची पुस्तिका नियमाप्रमाणे असते. सोबती फोटोंची अदलाबदल करतो आणि सिझ्वेला जगायचे असेल तर स्वतःचे नाव मारून टाकावे लागते. या नाटकात पोलीस फारसा दिसतही नाही. शिक्का मारणारा कारकून पुरेसा असतो. सत्तेचा गैरवापर म्हटला की आपल्याला लाठी आठवते, पण लाठीच्या आधी खिडकीपलीकडे बसलेला बाबू असतो.

रस्त्यावरची छोटी सत्ता

वरचा कायदा असा असला की खालच्या शिपायाला मोकळे रान मिळते. म्टुटुझेली मात्शोबा यांच्या 'कॉल मी नॉट अ मॅन' (१९७९) या कथेत सोवेटोतील राखीव दलाचे पोलीस पगाराच्या दिवशी, शुक्रवारी, स्टेशनबाहेर मजुरांना गाठतात. कामगाराच्या खिशात आठवड्याची मजुरी असते आणि पासची भीती असते. अटक टाळायची तर पैसे काढा. हे पोलीसही कृष्णवर्णीयच आहेत, ही त्या कथेतली बोचणारी बाब. वर्णभेदी राजवट फक्त गोऱ्या हातांनी चालत नव्हती. तिने पीडितांमधूनच हात भाड्याने घेतले आणि त्यांना आपल्याच माणसांना लुटण्याची मुभा दिली. सर्वांदेखत नागवला जाणारा माणूस पैशांबरोबर आणखी काय गमावतो, ते कथेचे शीर्षकच सांगते.

अॅलेक्स ला गुमा यांची 'अ वॉक इन द नाईट' (१९६२) ही लघुकादंबरी केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत एका रात्रीत घडते. कॉन्स्टेबल राल्टचे घरी बायकोशी बिनसलेले आहे. तो राग काढायला त्याला कोणीतरी हवे आहे. एका खुनाच्या संशयावरून तो विलीबॉय नावाच्या पोराला गोळी घालतो, ज्याने तो खून केलेलाच नाही. मुलगा गाडीत रक्तस्रावाने तळमळत असताना राल्ट वाटेत सिगारेट घ्यायला थांबतो. मुलगा मरतो. ला गुमांनी हा पोलीस राक्षस म्हणून रंगवलेला नाही. तो एक चिडलेला, सामान्य नोकरदार आहे. आपल्याला जाब विचारणारे कोणी नाही, एवढेच त्याला पक्के ठाऊक आहे. ही कादंबरी नायजेरियात छापावी लागली, कारण लेखकावर स्वदेशात बंदी होती. त्यांचे लिखाण उद्धृत करणेही गुन्हा होता.

चौकशी नावाचे नाटक

१९६३ साली विनाखटला ९० दिवस डांबण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याने ती मुदतही काढून टाकली. वकील नाही, नातेवाईक नाही, न्यायालय नाही. त्यानंतर कोठडीत माणसे मरू लागली आणि प्रत्येक मृत्यूला कारण जोडले जाऊ लागले : गळफास घेतला, जिन्यावरून पडला, खिडकीतून उडी मारली, अंघोळ करताना साबणावरून घसरला.

क्रिस व्हॅन विक यांची 'इन डिटेन्शन' ही १९७९ सालची छोटीशी कविता या कारणांवरच उभी आहे. कवीने पोलिसांचीच तीन स्पष्टीकरणे घेतली आणि ती पुन्हा पुन्हा सांगताना त्यांची सरमिसळ करत नेली. शेवटी कोण कशावरून पडला आणि कोण कशाला लटकला याचा मेळच लागत नाही. कवी कुठेही 'हे खोटे आहे' असे म्हणत नाही. सरकारी भाषा सलग दोनदा वाचली तरी ती कोसळते, एवढेच तो दाखवतो.

आंद्रे ब्रिंक यांच्या 'अ ड्राय व्हाईट सीझन' (१९७९) या कादंबरीत हीच गोष्ट एका कुटुंबातून येते. १९७६ च्या सोवेटो उठावात शाळेतील झाडूवाल्या गॉर्डनचा मुलगा नाहीसा होतो. बाप फक्त मुलाचे काय झाले ते विचारत फिरतो, म्हणून त्यालाही उचलतात. मग निरोप येतो की त्याने कोठडीत गळफास घेतला. त्याच शाळेतील गोरा शिक्षक बेन न्यायालयावर विश्वास ठेवून चौकशीला जातो. तिथे सगळे रीतसर होते : साक्षी, उलटतपासणी, डॉक्टरांचा अहवाल. निकाल मात्र आधीच ठरल्यासारखा. बेन पुरावे गोळा करू लागतो, तेव्हा त्याची स्वतःची जमात त्याला वाळीत टाकते आणि शेवटी एका गाडीखाली त्याचा जीव जातो. तोवर त्याने आपले कागद एका लेखकाकडे पाठवून दिलेले असतात. ती कादंबरी म्हणजे तेच कागद. सरकारने तिच्यावर बंदी घातली.

जे. एम. कुट्सी यांच्या 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' (१९८०) मध्ये देशाचे नाव नाही. पण कर्नल जोल हा अधिकारी एका म्हाताऱ्या कैद्याच्या मृत्यूचा जो अहवाल देतो, त्यात झटापट आहे आणि भिंतीवर आपटणेही आहे. बिको यांच्या मृत्यूला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. कोणाही वाचकाला ते कळण्यासारखे होते. या कादंबरीचा निवेदक स्वतः मॅजिस्ट्रेट आहे, सज्जन आहे. त्याला रात्री किंकाळ्या ऐकू येतात आणि आपण ऐकले नाही असे त्याला स्वतःला पटवायचे असते. मारणारा एक असतो. डोळेझाक करणारे आणि सही करणारे अनेक असतात. राजवट या दुसऱ्या लोकांवर टिकते.

एक फरक इथे नोंदवला पाहिजे. ब्रिंक आणि कुट्सी गोरे होते. त्यांना प्रकाशक आणि जगभरचे वाचक मिळाले. ला गुमा देशोधडीला लागले, मात्शोबांच्या पुस्तकावर बंदी आली आणि बिको यांचे लेखसंग्रहाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. सत्य सांगण्याची किंमतही वर्णानुसार वेगवेगळी होती.

सत्य आले, पण केव्हा?

अहमद तिमोल हे २९ वर्षांचे शिक्षक २७ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडले. १९७२ चा निकाल : आत्महत्या. कुटुंबाने हार मानली नाही. २०१७ साली न्यायालयाने निकाल फिरवला : त्यांना ढकलण्यात आले, हा खून आहे. त्या खोलीत हजर असलेले माजी पोलीस जोआओ रॉड्रिग्ज यांच्यावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला गेला. २०२१ मध्ये खटला उभा राहण्यापूर्वीच ते वारले. कामगारांचे डॉक्टर नील अॅगेट (मृत्यू १९८२) यांचा निकाल २०२२ मध्ये बदलला. केपटाऊनचे इमाम अब्दुल्ला हारून (मृत्यू १९६९) यांचा २०२३ मध्ये.

हे विजय आहेत, पण अर्धे. मारणारे बहुतेक पेन्शन खाऊन मेले. सत्य आणि समेट आयोगाने तीनशेच्या आसपास प्रकरणे खटल्यांसाठी सोपवली होती. त्यातली बहुतेक वर्षानुवर्षे हलली नाहीत. ती कोणी जाणूनबुजून अडवली का, हे तपासायला २०२५ मध्ये खास आयोग नेमावा लागला. म्हणजे हा प्रश्न वर्णभेदी सरकारपुरता नाही. लोकशाहीतले आपले सरकारही जुने कागद उघडायला कचरते. विलंब हासुद्धा गुन्हेगाराचा बचावच असतो. साक्षीदार मरतात, नोंदी गहाळ होतात आणि शेवटी शिक्षा द्यायला कोणी उरत नाही.

आपण काय घ्यायचे?

हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर परभणी येणारच. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. विधिमंडळात सरकारने श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद होती. आईने लढा दिला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोन देशांची परिस्थिती एक नाही. आपल्याकडे संविधान आहे, उच्च न्यायालयाचा दरवाजा सात महिन्यांत उघडला. तिमोल कुटुंबाला ४५ वर्षे लागली. गुन्हा सिद्ध होणे अजून पुढचे काम आहे. पण पहिला सरकारी खुलासा आणि देहावरच्या खुणा यांच्यातली तफावत मात्र ओळखीची आहे.

दक्षिण आफ्रिकेतले निकाल केवळ कादंबऱ्यांनी फिरले नाहीत. ते फिरले जपून ठेवलेल्या शवविच्छेदन अहवालांमुळे, तेव्हाच्या फोटोंमुळे आणि जिवंत राहिलेल्या सहकैद्यांच्या साक्षींमुळे. साहित्याने दुसरे काम केले : सरकारी कारण हेच अंतिम सत्य आहे, असे समाजाला कधी वाटू दिले नाही. त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही विचारणारे लोक शिल्लक राहिले.

म्हणून तरुणांनो, मोर्चा काढाच, पण घरी येऊन लिहा. कोणाला किती वाजता उचलले, कोण अधिकारी होता, कपडे कसे होते, अंगावर खुणा कुठे होत्या, दवाखान्यात कोणी काय सांगितले, हे सगळे तारीखवार लिहा. शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा आणि एकापेक्षा जास्त जागी ठेवा. सहकैदी सुटून आले की त्यांचे म्हणणे त्याच आठवड्यात नोंदवून घ्या, कारण वर्षभरात माणूस घाबरतो किंवा विसरतो. आणि ज्याला लिहिता येते त्याने गोष्ट लिहावी, कविता लिहावी. सत्ता आपला पंचनामा त्याच दिवशी तयार करते. आपला पंचनामा तयार व्हायला ४८ वर्षे लागता कामा नयेत.